हॅलोविनची पब क्विझ, कमी पैशांत

हॅलोविनची पब क्विझ, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणानिमित्त पबमध्ये टेबलाटेबलाने खेळायची प्रश्नमंजुषा, घ्यायची म्हटलं की लोक आधी सजावटीची यादी काढतात: कोळ्याची जाळी, प्लास्टिकचे सापळे, धूर सोडणारं यंत्र, नारिंगी दिव्यांच्या माळा. मी क्विझ घेते आणि प्रश्नही स्वतःच लिहिते. माझ्या यादीत कागद, पेन्सिली, एक चांगला माइक आणि प्रश्नांवर घालवलेल्या बऱ्याच संध्याकाळी असतात. टांगलेल्या सापळ्याकडे लोक येता येता एकदा बघतात, फोटो काढतात आणि विसरून जातात. पण उत्तर अगदी ओठांवर आहे आणि येत नाही, म्हणून अख्खं टेबल डोकी एकत्र करून कुजबुजतंय, ही मजा घरी जाईपर्यंत टिकते. तिला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

१९७८ साली आलेल्या 'हॅलोविन' या चित्रपटाकडे पैसा अगदी बेताचा होता. त्यातल्या खुन्याचा मुखवटा मुद्दाम घडवलेला नव्हता. अभिनेता विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा एक तयार मुखवटा दुकानातून आणला, त्याला पांढरा रंग दिला आणि डोळ्यांची भोकं मोठी केली. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. मग शरदातली पडलेली पानं आणायची कुठून? रंगवलेली पानं पसरायची, दृश्य झालं की गोळा करायची आणि पुढच्या दृश्यात पुन्हा पसरायची, असा त्यांचा उद्योग चालला. क्विझची आखणी करताना मी हीच रीत धरते. लोकांचं लक्ष ज्या एका गोष्टीवर खिळणार आहे ती नीट करायची, बाकीचं पुन्हा पुन्हा वापरायचं.

जागा आणि वेळ

३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा हट्ट धरू नका. त्या रात्री पब आधीच भरलेला असतो, आवाज असतो, आणि लोकांनी दुसरीकडे कुठेतरी जायचं ठरवलेलं असतं. त्या आठवड्यातला एखादा सुस्त वार मागा. सुस्त वारी भरलेली टेबलं ही मालकाची कमाई असते, म्हणून जागेचं भाडं द्यावं लागत नाही आणि एखादं बक्षीसही त्यांच्याकडून मिळू शकतं. बोलायला जाताना एक पान लिहून न्या: किती टेबलं, किती तास, कोण वाचणार, पबकडून काय हवं. मोघम उत्साहापेक्षा त्या पानाचा मालकावर जास्त परिणाम होतो.

त्याच भेटीत चार गोष्टी विचारून घ्या. माइक आणि स्पीकर आहे का? दिवे भागाभागाने बंद करता येतात का? टेबलं बाहेर जाण्याच्या वाटेत न येता किती मांडता येतील? आणि पबकडे संगीत वाजवण्याचा परवाना आहे का, असल्यास त्यात तुमची गाण्यांची फेरी बसते का? चित्रपटांच्या फिती दाखवण्याचा मोह मी टाळते. घरच्या वर्गणीवर मिळणारे चित्रपट सहसा घरी बघण्यापुरतेच असतात, आणि शिवाय पडदा, प्रोजेक्टर, तारा हा सगळा खर्च मागोमाग येतो.

वेळ दोन तासांच्या आत ठेवा. मी पाच फेऱ्या घेते, प्रत्येकीत आठ प्रश्न. एक प्रश्न दोनदा वाचून लिहायला वेळ देईपर्यंत साधारण मिनिट जातं. म्हणजे चाळीस मिनिटं प्रश्नांची, प्रत्येक फेरीनंतर उत्तरं आणि तपासणीसाठी पाच-सहा मिनिटं, मध्ये एक पंधरा मिनिटांची विश्रांती. उरलेला वेळ उशिरा येणारे, खुर्च्या सरकवणारे आणि पेन्सिल शोधणारे लोक आपोआप खातात.

प्रश्न

कमी पैशांच्या क्विझमध्ये सगळं वजन प्रश्नांवर असतं, म्हणून इथे घाई नको.

चांगल्या प्रश्नाला घरासारखी दोन-तीन दारं असावीत, कुणी पुढून यावं, कुणी मागून. 'फ्रँकेन्स्टाइन ही कादंबरी कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाली?' या प्रश्नाला एकच दार आहे. १८१८ आठवलं तर आठवलं, नाहीतर टेबल गप्प. तीच माहिती अशी विचारून बघा: 'इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ मध्ये प्रचंड उद्रेक झाला. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. पावसापाण्यामुळे जिनिव्हा सरोवराकाठच्या एका बंगल्यात अडकलेल्या काही मंडळींनी भुताखेतांच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. त्यांच्यातल्या अठरा वर्षांच्या मुलीने सुरू केलेली गोष्ट पुढे कोणतं पुस्तक झाली?' आता साहित्य वाचणारा एका बाजूने येतो, भूगोलवाला दुसऱ्या बाजूने. ज्याला यातलं काहीच माहीत नाही तोही विचार करतो, की दोनशे वर्षांपूर्वीची, एका तरुण मुलीने लिहिलेली भयकथा म्हणजे कोणती बरं? शिवाय उत्तर हुकलं तरी माणूस एक गोष्ट ऐकून जातो. हॅलोविनला लोक गोष्टी ऐकायलाच आलेले असतात.

आठ प्रश्नांची उतरंडही विचार करून लावा. पहिले दोन असे, की प्रत्येक टीमचा भोपळा फुटलाच पाहिजे. मधले चार वाद घालायला लावणारे. अवघड असे दोनच, आणि तेही पाठोपाठ नकोत. सलग दोन प्रश्नांवर पेन्सिल खाली ठेवावी लागली की टेबलाचा जीव उडतो. तिसऱ्या प्रश्नाला ते फोनकडे बघायला लागतात.

माहिती तपासण्याचं काम कंटाळवाणं असलं तरी सोडू नका. हॅलोविनच्या रंजक माहितीच्या याद्या हव्या तितक्या सापडतात, पण त्यातल्या बऱ्याच एकमेकांवरून उतरवलेल्या असतात आणि चुकाही सोबत उतरतात. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने रेडिओवर मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाट्य सादर केलं ते हॅलोविनच्या रात्री, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. ते प्रसारण झालं ३० ऑक्टोबर १९३८ रोजी, म्हणजे आदल्या दिवशी. त्या प्रसारणामुळे अमेरिकाभर किती लोक घाबरून रस्त्यावर आले, हा प्रश्न तर विचारूच नये, कारण त्या घबराटीचं वर्णन तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी फुगवलेलं होतं. एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी माहिती जुळली तरच प्रश्न ठेवायचा, ही माझी कसोटी. उत्तराची सुरुवात 'असं म्हणतात की' अशी करावी लागत असेल, तर प्रश्न बाद. 'सर्वाधिक कमाई करणारा भयपट' असले प्रश्नही बाद, कारण त्यांचं उत्तर बदलत राहतं.

शब्दरचनाही तितकीच घट्ट हवी. 'ड्रॅक्युलाचा किल्ला कोणत्या देशात आहे?' असं विचारलंत तर इतिहास जाणणारं एखादं टेबल 'हंगेरी' लिहील, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. १८९७ साली ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी आली तेव्हा तिच्यातला किल्ला जिथे आहे तो ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्याच राज्यात होता. 'ट्रान्सिल्व्हेनिया आज कोणत्या देशात आहे?' असं विचारा. उत्तर रोमानिया, विषय संपला. वाचताना तुमच्या हातात जी प्रत असेल तिच्यात प्रत्येक उत्तरापुढे दोन रकाने ठेवा, 'चालेल' आणि 'चालणार नाही'. नुसतं आडनाव चालेल का, स्पेलिंग चुकलं तर चालेल का, हे घरी शांतपणे ठरवून ठेवलं की पबमध्ये आवाज चढत नाहीत.

आणखी एक गोष्ट मी मनापासून पाळते. खऱ्या माणसांचं दुःख हा खेळाचा विषय करायचा नाही. अलीकडचे खून, ज्यांचे नातेवाईक अजून आहेत अशा घटना माझ्या क्विझमध्ये येत नाहीत. जुनी घटना घेतली तरी जपून. 'अमेरिकेतल्या सेलम इथल्या १६९२ च्या खटल्यांत चेटूक केल्याच्या आरोपावरून किती जणांना जाळून मारलं?' हा प्रश्न मला आवडतो, कारण टेबलं आत्मविश्वासाने मोठमोठे आकडे लिहितात आणि उत्तर आहे, एकालाही नाही. एकोणीस जणांना फाशी दिली, आणि आरोपाला उत्तर द्यायला नकार देणाऱ्या जाइल्स कोरी या म्हाताऱ्याचा छातीवर दगड रचून जीव घेतला. हे उत्तर वाचून झालं की मी एक वाक्य न चुकता म्हणते: ही खरी माणसं होती आणि त्यांच्यातलं कुणीही चेटूक करत नव्हतं. मग दोन क्षण थांबते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते.

पाच फेऱ्या

पहिली फेरी सणाचीच ठेवा, हलकीफुलकी. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये भोपळ्याच्या आधी कोणता कंद कोरून त्याचे दिवे करत? सलगम. भोपळ्याची पाळी आली ती हे लोक अमेरिकेत गेल्यावर. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात भोपळा कशात मोडतो? बेरीवर्गीय फळात, आणि यावर हमखास आरडाओरडा होतो. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती पंचांगात कोणता दिवस असतो? सर्व संतांचा. 'साविन' हा आयर्लंड-स्कॉटलंडमधला जुना गेलिक सण कोणत्या ऋतूच्या सुरुवातीचा? हिवाळ्याच्या. सावधगिरीची सूचना इतकीच, की साविनच्या प्राचीन विधींबद्दल जे तपशील छातीठोकपणे सांगितले जातात त्यांच्या वाटेला जाऊ नका. सुगीचा शेवट आणि हिवाळ्याची सुरुवात, एवढ्यावर थांबावं.

दुसरी फेरी सापळ्याची. प्लास्टिकचा सापळा विकत आणण्याऐवजी प्रत्येकाच्या अंगात असलेल्या सापळ्यावर आठ प्रश्न विचारले की काम झालं. प्रौढ माणसाच्या शरीरात हाडं किती? २०६. हे बऱ्याच जणांना येतं, म्हणून ते सुरुवातीला. त्यातली निम्म्याहून अधिक हाडं शरीराच्या कोणत्या दोन भागांत असतात? हात आणि पाय, म्हणजे मनगटापासून बोटांपर्यंत आणि घोट्यापासून बोटांपर्यंत. १०६ हाडं तिथेच आहेत. लोक लगेच स्वतःची बोटं मोजायला लागतात, ते बघण्यासारखं असतं. सर्वात छोटं हाड कुठे? कानात. नवजात बाळाच्या अंगात हाडं मोठ्या माणसापेक्षा जास्त की कमी? जास्त, पुढे त्यातली काही जुळून एक होतात. 'डान्स मकाब्र' या १८७४ च्या रचनेत हाडांचा खडखडाट ऐकवायला फ्रेंच संगीतकार कॅमिय सँ-साँने कोणतं वाद्य वापरलं? झायलोफोन.

तिसरी फेरी माझी सर्वात लाडकी, आवाजांची. सिनेमातले बरेच आवाज मुळात दिसतात त्या वस्तूंचे नसतात. हाड मोडल्याचा आवाज सेलेरी या भाजीचा दांडा मोडून काढतात, घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांनी, मेघगर्जना पत्रा हलवून, पंखांची फडफड चामड्याचे हातमोजे आपटून. हे सगळं घरातून गोळा होतं. दोन खुर्च्यांच्या पाठींवर काळी चादर टाका, मागे बसा, माइक जवळ घ्या आणि एकेक आवाज दोनदा काढा. टीमने दोन गोष्टी लिहायच्या: ऐकायला हे काय वाटतंय, आणि प्रत्यक्षात कोणती वस्तू वापरली. प्रत्येकीला अर्धा गुण. दिवे आणखी मंद करा. माइकसमोर सेलेरीचा जाड दांडा सावकाश पिळून मोडला की पुढच्या टेबलावरचा माणूस खांदे आक्रसून घेतो, इतका तो आवाज खरा वाटतो. आठ वस्तू आधी घरी माइकवर वाजवून बघा. काही आवाज हातात छान येतात आणि स्पीकरमधून नुसती खरखर ऐकू येते, त्यांना रजा द्या.

बंद खोक्यात हात घालून चिकट वस्तू ओळखायची फेरीही लोकप्रिय आहे. मी ती घेत नाही. टेबलागणिक खोकं फिरवण्यात वेळ जातो, आणि तेच हात पुन्हा खाण्यापिण्याला लागतात.

चौथी पुस्तकं आणि चित्रपटांची, तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. फक्त सगळे प्रश्न एकाच दशकातले होऊ देऊ नका. पबमध्ये वीस वर्षांची मुलंही असतात आणि त्यांचे आईवडीलही.

पाचवी फेरी उभ्याने, खरं की खोटं. कागद लागत नाही आणि या वेळेपर्यंत जड झालेले लोक जागे होतात. सगळ्यांनी उभं राहायचं. विधान खरं वाटलं तर हात डोक्यावर, खोटं वाटलं तर कमरेवर. चुकला तो खाली बसला. टेबलाने मिळून नाही, ज्याचं त्याने खेळायचं. 'जादूगार हॅरी हुडिनी ३१ ऑक्टोबरला वारला' हे खरं, साल १९२६. 'रक्त पिणारी वटवाघळं मूळची ट्रान्सिल्व्हेनियातली' हे खोटं. त्यांच्या तिन्ही जाती अमेरिका खंडातल्या. '१९३१ च्या चित्रपटात ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीला ड्रॅक्युलाच्या झग्यात पुरलं' हे खरं. 'फ्रँकेन्स्टाइन हे कादंबरीतल्या राक्षसाचं नाव' हे खोटं, ते राक्षस घडवणाऱ्याचं नाव, राक्षसाला नावच नाही. '१९६० च्या 'सायको'मधल्या न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप' हे खरं, चित्रपट कृष्णधवल असल्याने ते खपून गेलं. दर विधानाला साधारण निम्मे लोक बसतात, त्यामुळे चाळीस माणसं असली तरी पाच-सहा विधानांत एखाददुसराच उरतो. तरीही आठ लिहून ठेवा. प्रत्येक बरोबर विधानाला टेबलागणिक गुण मोजत बसू नका; शेवटी उभा राहील त्याच्या टीमला पाच गुण, एवढंच.

कागद, दिवे, फोन

प्रत्येक टीमला एकच ए-फोर कागद. एका बाजूला उत्तरपत्रिका, दुसऱ्या बाजूला चित्रांची फेरी. चित्रांची फेरी सुरुवातीलाच हातात जाते आणि विश्रांतीत गोळा होते, त्यामुळे तिला वेगळा वेळ लागत नाही आणि लवकर आलेले लोक तिच्यात गुंततात. रंगीत छपाई नको. मुद्दाम काळ्या सावल्या वापरा: चेटकिणीची टोपी, वटवाघूळ, वेगवेगळी पिशाच्चं, किल्ले, प्राण्यांच्या कवट्या. सावली छापायला स्वस्त, मंद उजेडातही ओळखू येते आणि या सणाला शोभूनही दिसते. जुनी कोरीव चित्रं, ज्यांचे हक्क संपलेले आहेत अशी पोस्टरं, वाचनालयांच्या खुल्या संग्रहातली चित्रं यांतून दहा-बारा सहज निघतात. प्राण्यांच्या कवट्या ओळखण्याचा प्रकार जरूर करून बघा. हत्तीच्या कवटीला पुढे मध्यभागी सोंडेसाठी मोठं भोक असतं, त्यामुळे ती एका डोळ्याच्या राक्षसाची वाटते, आणि टेबलावर तर्कांचा पाऊस पडतो.

सजावटीला उजेड पुरतो. निम्मे दिवे बंद, प्रत्येक टेबलावर काचेच्या रिकाम्या बरणीत बॅटरीचा दिवा, बरणीला आतून पातळ कागद. लिहायला उजेड पुरतो का हे मात्र खुर्चीत बसून तपासा. खरी मेणबत्ती नको. टेबलावर कागद असतात आणि लोकांनी झगे, जाळीचे कपडे घातलेले असतात. काळ्या कागदाची वटवाघळं कापून एकाच भिंतीवर दाट लावा. सगळ्या खोलीभर विखुरली तर कुठेच दिसत नाहीत. ती निघतील अशा चिकटपट्टीने लावा आणि पुढच्या वर्षासाठी सपाट ठेवून द्या. कोरलेला एक भोपळा वाचणाऱ्याच्या टेबलावर. बस.

फोनची समस्या या रात्री गंमतीत सोडवता येते. बुटांच्या खोक्यांना काळा कागद लावून शवपेट्या करा, प्रत्येक टेबलावर एक. फेरी सुरू झाली की फोन शवपेटीत, झाकण बंद. फेरी संपली की बाहेर. पोलिसासारखं फिरावं लागत नाही, कारण झाकण उघडताना शेजारचं टेबलच ओरडतं. कुणाला घरून महत्त्वाचा फोन यायचा असेल, तर तो फोन तुमच्या टेबलावर ठेवून घ्या.

वाचणं आणि गुण

ज्या एका गोष्टीवर पैसे घालायचेच आहेत ती म्हणजे आवाज. पबकडे माइक नसेल तर कुणाकडून तरी चांगला मागून आणा. मागच्या टेबलाला प्रश्न ऐकू आला नाही तर तुमची सगळी मेहनत वाया.

भुताचा आवाज काढून वाचू नका. पहिल्या प्रश्नाला लोक हसतात, पाचव्याला त्रासतात, आणि नावं नीट कळत नाहीत. सावकाश, स्पष्ट, नेहमीच्या आवाजात वाचा आणि महत्त्वाच्या शब्दाआधी थांबा. त्या थांबण्यात जी शांतता होते तिच्यात वातावरण आपोआप तयार होतं. प्रत्येक प्रश्न एकदा नेहमीच्या गतीने, मग पुन्हा जरा हळू. फेरीच्या शेवटी कुणी मागितला तर तेवढाच पुन्हा. तुमची स्वतःची प्रत मोठ्या अक्षरांत छापा, कारण दिवे तुम्हीच मंद केलेले आहेत.

तपासायला टीमांनी कागद शेजारच्या टेबलाशी बदलावेत. तुम्हाला माणसं लागत नाहीत आणि शेजारी ओळखीचे होतात. गुण मांडायला मात्र एक भरवशाची मैत्रीण शेजारी हवी, कारण एकाच माणसाला वाचणं, शंका ऐकणं आणि बेरीज हे तिन्ही जमत नाही. तिने दर फेरीनंतर गुण मोठ्या कागदावर सगळ्यांना दिसतील असे लिहावेत. एखादा वाद आलाच तर तुमचे रकाने बघा, निर्णय द्या आणि पुढे चला. खरंच दोन्ही उत्तरं बरोबर निघाली तर दोघांनाही गुण द्या.

वेशभूषेला क्विझचे गुण नकोत. काही लोक कामावरून थेट आलेले असतात आणि ज्ञानाच्या खेळात टोपीमुळे हरणं कुणालाच आवडत नाही. विश्रांतीत टाळ्यांच्या आवाजावर वेगळा निकाल लावा.

बक्षिसासाठी दोन वाटा आहेत. प्रवेशाची छोटी वर्गणी एका भांड्यात जमवून सगळीच्या सगळी जिंकणाऱ्यांना द्यायची, किंवा मालकाकडून खाण्यापिण्याचं काहीतरी मिळवायचं. मला दुसरी जास्त पटते. त्यात पैशाचा हिशेब नाही आणि जिंकलेली टीम आणखी थोडा वेळ बसते, म्हणून मालकही खूश. शेवटून पहिल्या टीमलाही काहीतरी द्या. तुमच्या टेबलावरचा कोरलेला भोपळा त्यांना देऊन टाकला की तो न्यायची जबाबदारीही सुटते. निकाल खालून वर जाहीर करा, पण सगळ्यात खालच्या दोन-तीन टीमांचे आकडे मोठ्याने वाचू नका, नुसती नावं घ्या.

बरोबरी झाली तर लागणारा प्रश्न आधीच पाकिटात घालून ठेवा. तो आकड्याचा हवा, कुणालाच पाठ नसलेला, आणि ज्याचा आकडा जवळचा तो जिंकला. माझा प्रश्न असा असतो: 'फ्रँकेन्स्टाइन प्रसिद्ध झालं १ जानेवारी १८१८ रोजी आणि ड्रॅक्युला २६ मे १८९७ रोजी. या दोन तारखांमध्ये किती दिवसांचं अंतर आहे?' एकेका टीमचा एकच माणूस पुढे बोलवायचा, कागद-पेन्सिल द्यायची आणि मिनिटभर वेळ. कुणी घाईघाईने एकोणऐंशीला तीनशे पासष्टने गुणतं, कुणाला मध्येच लीप वर्षं आठवतात, आणि मागचं टेबल ओरडून आकडे सुचवायला लागतं, सुचवू द्या. लीप वर्षांचे वीस दिवस धरून उत्तर येतं बरोबर २९,०००. इतका गोल आकडा खरा वाटत नाही, म्हणून मी गणित मांडलेला कागद पाकिटातच ठेवते आणि निकालानंतर तो दोन्ही टीमांच्या हातात देते. दोघांचा आकडा तंतोतंत सारखा आला, तर बक्षीस अर्धं अर्धं वाटा आणि दिवे लावा.